तीनचं तोंड

१

नवा तरणतलाव उघडला त्याच सकाळी एका माणसाने तीन फूट पाण्यात सूर मारला. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता. पाय हलत नव्हते, पण जीभ चालत होती, आणि स्ट्रेचरवरून नेताना तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तिथे आठ लिहिलंय. आठ लिहिलंय तिथे."

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. त्यांनी भिंतीवरच्या पाटीचा फोटो काढला. पाटीवर आठ नव्हता, तीन होता. निळ्या पाटीवर पांढरा, जाडजूड, गोलमटोल 3. साहेब चार पावलं मागे सरले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "असल्या फुगीर आकड्याला लांबून कोणीही 8 म्हणेल."

तो आकडा माझ्या नवऱ्याने काढलेला होता.

माझा नवरा अक्षरं काढतो, म्हणजे फॉन्ट बनवतो. या फॉन्टचं नाव त्याने 'गुटगुटीत' ठेवलं होतं. ठळक अक्षरं, कुठे कोपरा नाही, प्रत्येक रेघेचं टोक बोटाच्या टोकासारखं गोल. पुस्तकात छापायची ही अक्षरं नव्हेत. भिंती, दारं, मोठ्या पाट्या, जिथे लांबून नजर जायला हवी तिथली. तो स्वतः काडीसारखा आहे. सासूबाई म्हणायच्या, याच्या अंगाला लागायचं ते सगळं अक्षरांना लागतं.

ऑफिसात माणसं दोनच. एक तो आणि दुसरा माझा दादा. हा आकडे काढणार आणि दादा बाहेरचं सगळं बघणार: काम आणायचं, पाट्या कापून घ्यायच्या, लावून घ्यायच्या. तरणतलावाचं काम दादानेच आणलं होतं. त्यावर खूश होऊन मुलांच्या नव्या रुग्णालयानेही 'गुटगुटीत' मागितला होता.

अपघातानंतर नवरा खुर्चीवर टेकेनासा झाला. जेवायला बसायचा आणि घास हातात घेऊन उठायचा. खिडकीपाशी जायचा, दाराशी जायचा, परत यायचा. बोलता बोलता बोटाने टेबलावर तीन काढायचा, तळहाताने पुसायचा, पुन्हा काढायचा. मलाही मग घरात बसवेना. कपाट आवरायला घ्यायचे आणि अर्ध्यात सोडून द्यायचे.

"सोमवारी चौकशीत जाऊन लिहून देतो," तो एका सकाळी म्हणाला. "आकडा माझा, चूक माझी. आणि गुटगुटीत सगळीकडून काढून घेतो. रुग्णालयालाही नाही म्हणून कळवतो."

आत्या समोर बसून सफरचंद सोलत होत्या. आत्या म्हणजे त्याची आत्या. कोर्टात हस्ताक्षरं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. खऱ्या सह्या, खोट्या सह्या, बदललेली मृत्युपत्रं. आता निवृत्त झाल्या होत्या आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या.

"लिहून देणार?" त्या म्हणाल्या. "लोकांनी लिहून दिलेलं तपासायचं हेच माझं काम होतं. न केलेलं लिहून देणारे त्यात कमी नसतात. तू ती पाटी पाहिलीस का?"

"नाही. माझ्याच्याने बघवणार नाही."

"न बघताच कबूल करतोयस."

आत्यांनी सुरी पुसून ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "चल गं. नवा डोळा बसवलाय, वापरून तरी बघू."

२

तलावावर शुकशुकाट होता. पाणी तसंच भरलेलं, वर काचेच्या छतातून येणारं ऊन पाण्यावर इतकं चमकत होतं की तळ कुठे आहे ते कळत नव्हतं. एका बाजूच्या भिंतीवर पाट्या ओळीने लावल्या होत्या: 3, 4, 5, 6, 8. जिथे जितकं फूट पाणी, तिथे तो आकडा.

व्यवस्थापक तयारीत होते. "पाटी जागेवर होती, आकडा बरोबर होता. आकड्याचं रूप चुकीचं. यात तलावाचा दोष कुठे येतो?"

"अपघात झाला तेव्हा तुम्ही पाटी पाहिलीत?" आत्यांनी विचारलं.

"मी त्या माणसाबरोबर रुग्णालयात गेलो. रात्रभर तिथेच होतो. सकाळी साहेबांबरोबरच परत आलो."

जीवरक्षक बाई उथळ टोकाच्या उंच खुर्चीपाशी उभ्या होत्या. खुर्ची भिंतीला लागून होती, आणि तीनची पाटी तिच्या बरोब्बर वर.

"त्या सकाळी या पाटीवर काय होतं?"

"तीन," त्या म्हणाल्या.

"पाहिलंत?"

त्यांनी मान वर करून पाटीकडे बघितलं. "पाटी माझ्या डोक्यावर होती. माझं लक्ष पाण्यावर. नुकतीच येऊन बसले होते, पहिला माणूस तोच. पण हे तीन फुटांचं टोक आहे. मग तीनच असणार ना?"

"म्हणजे पाहिलं नाहीत."

"नाही," बाई हळूच म्हणाल्या. "नाही पाहिलं."

पाट्या बसवणारा माणूसही तिथेच सापडला, कपडे बदलायच्या खोलीचं दार दुरुस्त करत होता. आत्यांनी त्याच्या शेजारी बाकावर बैठक मारली.

"पाट्या लावल्या तेव्हा आकडे नीट बघून लावल्यास का रे बाबा?"

"आकडे दिसतच नव्हते, मावशी. पाटीवर कागद चिकटवलेला असतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. कुठली पाटी कुठे लावायची ते मागे लिहिलेलं असतं. तसं बघून लावायचं. कागद उघडायच्या दिवशी काढतात."

"कशाने चिकटवल्यास?"

"गोंदाने. आमच्याकडचा पक्का गोंद. उद्या भिंत पडेल, पण पाटी निघायची नाही."

आत्या उठल्या आणि पाट्यांच्या कडेकडेने नख फिरवत चालू लागल्या. आठ, सहा, पाच, चार. नख कुठे शिरत नव्हतं. तीनपाशी त्या खुर्चीच्या पायरीवर चढल्या. मी त्यांचा कोपर धरला. त्यांचं नख पाटीच्या मागे सहज आत गेलं. खालच्या कडेला फरशीचा टवका उडालेला होता आणि पाटीमागे करड्या रंगाच्या फोमची चिकटपट्टी दिसत होती.

त्यांनी पिशवीतून पातळ कागद काढला, आकड्यावर धरला आणि पेन्सिलीने त्याची कड गिरवून घेतली. आयुष्यभराची सवय.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "ही पाटी त्या माणसाने लावलेली नाही. त्याने लावलेली कोणीतरी उचकटून काढली आणि ही चिकटवली."

"कधी?"

"कागद काढल्यानंतर, साहेबांनी फोटो काढायच्या आधी. त्या दोन गोष्टींच्या मध्ये काय घडलं ते तुला माहीत आहे."

मध्ये फक्त अपघात झाला होता.

३

दुपारी दादा आला. रोजच येत होता. येताना फळं आणायचा आणि नवऱ्याच्या पाठीवर थोपटून जायचा. त्या दिवशी नवरा त्याच्याकडे न बघताच येरझाऱ्या घालत राहिला.

"जावईबापू, बसा की जरा," दादा म्हणाला. "मी सांगतो ऐक. मी ती पाटी जवळून पाहिलीय. तीनचं तोंड चांगलं उघडं आहे. कोणी शहाणा माणूस त्याला आठ म्हणणार नाही. तो गडी घाईत होता, दुसरं काही नाही. तू कशाला जीव जाळतोस?"

"उघडं नाहीये ते, दादा. मी काढलंय, मला माहीत आहे. दोन टोकांचे ओठ जवळजवळ टेकलेत आणि मधली जीभ लांब आहे."

"बरं बाबा, मिटलेलं तर मिटलेलं."

आत्या चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, दादाकडे एकदा बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे. दादा गेल्यावर मला म्हणाल्या, "ज्याचं पोर आहे तो म्हणतो तोंड मिटलेलं, आणि पाहून आलेला म्हणतो उघडं. चल, रुग्णालयात जाऊन येऊ."

तो माणूस बसचालक होता. मानेला पट्टा, हात पांघरुणावर सरळ ठेवलेले. उशाशी त्याची बायको बसली होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर ती उठून उभी राहिली.

"अक्षरवाल्यांच्या घरच्या ना? तुमच्या माणसाला सांगा, जिवाला लावून घेऊ नका. चूक यांचीच आहे. आयुष्यभर घाई. जेवायची घाई, झोपायची घाई. वाचलं असेल अर्धं आणि मारली उडी."

तो छताकडे बघत होता. "मी वाचलं होतं," तो म्हणाला.

"काय वाचलंत?" आत्यांनी विचारलं.

"आठ. बाई, मी गेली कित्येक वर्षं गाडी चालवतो. पावसात, धुक्यात लांबून पाट्या वाचतो. माझ्यामागे गाडीभर माणसं बसलेली असतात. मला तीन आणि आठ कळत नाही?" त्याने श्वास घेतला. "पण सगळे म्हणतात तिथे तीन होता. साहेबांनी फोटो दाखवला. मग मलाच काहीतरी झालं असणार. आता मी विचार करतो, गाडी चालवताना अजून काय काय चुकीचं वाचलं असेन. कोणाला कळलंही नसेल."

"ह्यांना आता तेच लागलंय," बायको म्हणाली. "मी म्हणते, झालं ते झालं. पण मला राग येतो. काय करू, येतो."

आत्यांनी फक्त एकच विचारलं, "त्या आकड्याला पोटं किती होती?"

"दोन," तो लगेच म्हणाला. "दोन गोल, एकावर एक. बंद."

जिन्यात आत्या थांबल्या. "खोटं बोलणारा माणूस इतकं कमी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "घरी चल. मला तुझ्या नवऱ्याचा मूळ तीन बघायचाय."

४

नवऱ्याच्या टेबलावर 'गुटगुटीत'चा छापील नमुना होता. सगळी अक्षरं, सगळे आकडे, पाटीवर असतात त्याच मापाचे. आत्यांनी पातळ कागदावरचा गिरवलेला तीन त्या छापील तीनवर ठेवला. पाठीचा बाक जुळला, वरचा गोल जुळला, खालचा जुळला. डावीकडे मात्र दोन रेघा झाल्या. छापील तीनचे ओठ जवळजवळ मिटलेले, जीभ लांब. गिरवलेल्याचे ओठ मागे सरकलेले, जीभ आखूड.

"माणसाच्या हातून एकच अक्षर दोनदा सारखं येत नाही," आत्या म्हणाल्या. "त्यावरच माझं पोट चाललं. पण यंत्राच्या हातून ते दोनदा वेगळं यायला नको. इकडे ये रे."

तो खिडकीपाशी होता. यायला तयार नव्हता. मी त्याला दंडाला धरून आणलं. त्याने कागदाकडे बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची हालचाल थांबली.

"हे कुठलं?"

"भिंतीवरचं. मी स्वतः गिरवून आणलंय."

"शक्य नाही."

"का?"

"कारण हा तीन त्या सकाळी नव्हताच." त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "बातमी आली, तो माणूस आठ आठ म्हणत होता असं कळलं. मला वाटलं, माझ्या तीनने केलं हे. मी इथेच बसलो आणि तीनचं तोंड उघडलं. ओठ मागे घेतले, जीभ कापली. आणि फाइल जुन्याच्या जागी ठेवून दिली, पाट्या कापणारा जिथून फाइल घेतो तिथेच. निदान पुढच्या कामांत तरी कोणी फसायला नको म्हणून. कोणाला सांगितलंही नाही. सांगायचं काय?"



"म्हणजे," आत्या सावकाश म्हणाल्या, "ज्या पाटीने त्या माणसाला फसवलं म्हणतात, ती पाटी त्याला रुग्णालयात नेल्यानंतर कापलेली आहे."

"मग सकाळी तिथे काय होतं?" मी विचारलं.

"तेच आता पाट्या कापणाऱ्याला विचारायचं," आत्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

५

त्या दुकानात यंत्राचा आवाज इतका की बोलणं ओरडूनच करावं लागे. मालकाने यंत्र बंद केलं. भला माणूस, खांद्यावर निळा भुसा पडलेला.

"फाइल येते, यंत्र कापतं, मी कागद लावून देतो," तो म्हणाला. "दिवसभरात इतक्या पाट्या होतात, मी वाचत बसत नाही."

"तलावाची तीनची पाटी किती वेळा कापलीत?"

"दोनदा असणार. अपघाताच्या दुपारी तुमच्या ऑफिसातून फोन आला की तीनची पाटी तडकली, आत्ताच्या आत्ता आणखी एक करून द्या. फाइल नेहमीच्या जागी होती. दिली करून."

"निळ्या पाटीतून आकडा कापल्यावर त्याच आकाराचा तुकडा खाली पडतो, त्याचं काय करता?"

"तो आहे की." त्याने कोपऱ्यातली टोपली ओढली. "पलीकडे बालवाडी आहे. तिथल्या बाई घेऊन जातात, मुलांना मोजायला शिकवतात. या वेळी अजून आल्या नाहीत."

आत्यांनी टोपली फरशीवर उपडी केली. निळे, जाड, गुळगुळीत आकडे आणि अक्षरं घरंगळली. कुठल्या दुकानाचं नाव, कुठल्या शाळेचं. तलावाच्या पाट्यांचा निळा रंग वेगळाच होता, गडद. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून त्या रंगाचे आकडे वेचले आणि ओळीने मांडले. चार. पाच. सहा. आठ.

आणि आणखी एक आठ.

सगळ्यात शेवटी तीन सापडला. एकच. आत्यांनी तो पातळ कागदावर ठेवला. उघडं तोंड, आखूड जीभ. तंतोतंत.

"पाटी तडकली म्हणून दुसरी केली असती," त्या म्हणाल्या, "तर इथे तीन दोन असते आणि आठ एक. इथे उलटं आहे. पहिल्या खेपेला तीन कापलाच नाही. तलावाच्या दोन्ही टोकांना आठ गेले."

दुकानदाराने टोपलीच्या कडेला हात टेकला. त्याचा चेहरा उतरला होता. "मागे जागा मीच लिहिल्या. सांगितलं तशा. पहिली खोल टोकाला, शेवटची उथळ टोकाला."

"सांगितलं कोणी? आणि दुपारी नवी पाटी न्यायला कोण आलं?" आत्यांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. हे मला माहीतच असणार अशा नजरेने. ऑफिसात माणसं दोनच होती, आणि त्या दुपारी त्यांतला एक घरी माझ्यासमोर टेबलाशी बसून तीनचं तोंड उघडत होता.

मी एक आठ उचलून पर्समध्ये टाकला. आत्यांनी मला अडवलं नाही.

"तू आधी जा," त्या म्हणाल्या. "पण सोमवारच्या आत."

६

वडील गेले तेव्हा मी लहान होते. दादाने मला सायकल शिकवली, शाळेत सोडलं, आजारपणात उशाशी बसला, आणि लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडला. ऑफिसला जाताना मी वाटेत दोनदा वळले. एकदा फुलांच्या दुकानात शिरून काही न घेता बाहेर आले. पाय पुढे जात होते आणि मन मागे ओढत होतं. मनाशी सगळी उत्तरं तयार करत होते, की तो असं म्हणेल, मी तसं म्हणेन, आणि शेवटी यातलं काहीतरी खोटं निघेल.

दादा फोनवर होता. मी आठ त्याच्या टेबलावर ठेवला. तो बोलता बोलता थांबला, फोन ठेवला, आणि तो आकडा उलटा करून बघितला, जणू मागे काही लिहिलेलं असेल.

"कुठे मिळाला?"

"जिथे पडला होता तिथे. अजून एक आहे, आत्यांकडे."

त्याने तो टेबलावर सरळ ठेवला. म्हणाला, "चिमणे, तुझी शपथ, मुद्दाम नाही केलं. पाट्यांचं लिहून पाठवताना वरची आठची ओळ तशीच खाली पुन्हा उतरवली. जागा बदलली, आकडा बदलायचा राहिला."

"आणि कागद कोणी काढले?"

"मीच. त्या सकाळी. एकेक कागद ओढला आणि पुढे गेलो. आकडा वाचला नाही. मला माहीत होतं ना तिथे काय आहे. जे माहीत असतं ते माणूस वाचत नाही गं." त्याने चष्मा काढला. "त्याला नेल्यावर वर बघितलं तर तिथे आठ. तलाव बंद केला होता, पाट्यांच्या कामासाठी दिलेली किल्ली माझ्याकडेच होती. मला वाटलं, आता निदान पाटी तरी नीट करू. उद्या आणखी कोणी पडायला नको."

"मग साहेब आले तेव्हा का नाही बोललास?"

"बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण साहेब स्वतःच म्हणाले, आकडा फसवा आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, सुटलो. अक्षराला कोण शिक्षा करणार? अक्षराला कोणी तुरुंगात घालत नाही."

"अक्षराला नाही घालत," मी म्हणाले. "ते काढणाऱ्याने जेवण सोडलंय, ते तू रोज येऊन बघतोस. फळं आणतोस."

त्याने मान खाली घातली.

"आणि तो माणूस, दादा. त्याने बरोबर वाचलं होतं. त्याची बायको त्याला दोष देतेय. तो स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीये आता."

"त्याच्याकडे जाणं माझ्याच्याने होणार नाही."

"माझ्या नवऱ्याच्यानेही पाटी बघवत नव्हती," मी म्हणाले. "उठ."

७

आधी घरी गेलो. दादा दाराशीच उभा राहिला. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाला ते असं, "म्हणजे त्याने बरोबर वाचलं." मग भिंतीला टेकला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला. सुटल्याचं रडणं होतं ते, आणि सुटल्याची लाजही त्यात होती.

थोड्या वेळाने डोळे पुसून तो दादाकडे वळला. "दादा, तुम्ही जेवलात का?"

दादाने दाराशीच चपला काढल्या.

"हे बघ," नवरा मला म्हणाला, "मी लिहून देणारच होतो. तेच देतो. दादाचं नाव कशाला यायला हवं? माझा आकडा बदनाम झालाच आहे."

मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. घर शाबूत राहील, भाऊ राहील, आणि आकड्याचं काय, तो काही दुःखाने झुरणार नाही. मी आत्यांकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती, त्या बाटली हातात धरून बसल्या होत्या.

"घ्या वाटून घरातल्या घरात," त्या म्हणाल्या. "पण त्या बसवाल्याचा वाटा कोण देणार?"

दादानेच चप्पल घातली.

रुग्णालयात तो पलंगापासून लांबच उभा राहिला. मी त्याच्या बाजूला होते, पण एक शब्दही त्याला पुरवला नाही. शेवटी तो म्हणाला, "तिथे आठच होता. पाटी मी चुकीची पाठवली. तुम्हाला नेल्यावर मीच ती बदलली. तुम्ही वाचलं ते बरोबर होतं."

बसचालक छताकडे बघत राहिला. त्याची बायको उठली आणि दादासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही त्याच्या तोंडात मारणार. बहुधा दादालाही तेच हवं होतं, कारण तो मागे सरला नाही. तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग वळली, पलंगाशी गेली, नवऱ्याचा पांघरुणावरचा हात उचलला आणि त्यावर कपाळ टेकलं.

"मी चूक तुमचीच म्हटलं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या देखत म्हटलं."

"ऐकलंस ना आता?" तो म्हणाला. "आठ होता." आणि दादाला म्हणाला, "सोमवारी तिथेही एवढंच सांगा. कमी नाही, जास्त नाही. आता जा."

पाय त्याचे अजून पुरते परत आलेले नाहीत. डॉक्टर आशा ठेवा म्हणतात, आणि आम्ही अधूनमधून भेटायला जातो. दरवेळी तो भेटतोच असं नाही. 'गुटगुटीत'चा तीन आता उघड्या तोंडाचाच जातो. नवरा म्हणतो, जुना कोणाला फसवत नव्हता हे कळलं म्हणून काही तो चांगला ठरत नाही.

सोमवारी चौकशीच्या इमारतीपर्यंत मी दादाबरोबर चालत गेले. नवरा आणि आत्या पुढे जाऊन आत बसले होते. वाटेत दादाने शर्टाची कॉलर कितीदा तरी नीट केली. लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि शेवटच्या दाराआडून कोणाच्या तरी खोकण्याचा आवाज येत होता.

दादा थांबला. "चिमणे, आत माझ्याशेजारी बसशील?"

"दारापर्यंत आलेय ना," मी म्हणाले. "आत तुझं तू जायचंस."

त्याने मान हलवली, दार ढकललं आणि आत गेला. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आतून साहेबांनी नाव विचारलेलं ऐकू आलं. मग दादाचा आवाज, आधी खोल, मग नीट, बाहेरपर्यंत पोचेल असा.